उन्हाळ्यांतलें वाळवंट आणि आमचे प्रवासी

आमच्या शिकलेल्या घरांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवा आचार रूढ झाला आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झाली, कीं आईबापांनीं मे-जूनमध्यें तिकडे जावयाचें; नातवंडांच्या शाळांना सुटी लागली, कीं सर्वांनीं मोटारींत बसून पश्चिमेकडील वाळवंटी उद्यानांची फेरी करावयाची; आणि परत आल्यावर दिवाणखान्यांत शेजाऱ्यांना चारशें छायाचित्रें दाखवावयाचीं. पूर्वीं काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूला घरांत जो मान असे, तो आज ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशीं उभें राहून काढलेल्या छायाचित्राला मिळतो. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. गडू आणणाऱ्यांपैकीं किती जणांनीं गंगा पाहिली होती, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहेच. तक्रार आहे ती त्या छायाचित्रांबरोबर हटकून ऐकूं येणाऱ्या एका वाक्याबद्दल. "तिथं तसं कांहीं नाहींच हो, पण तें 'कांहीं नाहीं' सुद्धां त्या लोकांनीं काय सुंदर ठेवलं आहे!"

हें वाक्य आम्हीं इतक्या सुबुद्ध माणसांच्या तोंडून ऐकलें आहे, कीं त्याला आतां सिद्धांताची प्रतिष्ठा आली आहे. २०२४ च्या जुलैपर्यंत आमचाहि त्यावर विश्वास होता. त्या महिन्यांत एका बालमित्राबरोबर आम्हांस ती फेरी करण्याचा योग आला. आणि परत आल्यापासून त्या वाक्याचा आम्हांस असा कांहीं राग येऊं लागला आहे, कीं चारचौघांत अमेरिकेचा विषय निघाला म्हणजे घरचीं माणसें आमच्याकडे भीत भीत पाहतात. तो राग येथें मोकळेपणानें काढावयाचा आहे. ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्या वाचकांनीं तो आपल्यावर आहे असें खुशाल समजावें. त्यांत आमचाहि वांटा आहे.

मित्र आमच्या शाळेंतला, एकाच बाकावरचा. गेलीं तीस वर्षें तो लॉस एंजेलिसच्या आसपास नोकरी करीत आहे. स्वभावानें प्रेमळ, हातानें सढळ, आणि हिशेबांत मात्र कमालीचा काटेकोर. आम्ही पोंचण्यापूर्वींच त्यानें प्रवासाचा तक्ता करून ठेवला होता: नऊ दिवस, पांच राष्ट्रीय उद्यानें, सुमारें दोन हजार मैल. जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन, आर्चेस आणि शेवटीं ग्रँड कॅन्यन. प्रत्येक ठिकाणापुढें मिनिटें मांडलेलीं होतीं. आर्चेसमधील डेलिकेट आर्च या सुप्रसिद्ध दगडी कमानीपुढें 'पंचवीस मिनिटें' असें लिहिलें होतें. कमानीपाशीं जावयाचें तर जाऊन-येऊन तीन मैलांची वाट आहे आणि तींत चढ आहे, ती पंचवीस मिनिटांत कशी व्हावी असें विचारतां मित्र म्हणाला, "अरे, वर कशाला जायचं? खालून दिसते की. झूम कर." त्या वेळीं आम्ही हंसलों. नवव्या दिवशीं घरीं आल्यावर सहज हिशेब केला. गाडींत बसून घालविलेले तास सत्तेचाळीस. आणि पायांनीं चालून घालविलेले, वाहनतळापासून उपाहारगृहापर्यंतचे सुद्धां धरून, सात.

मोटारीविषयीं कांहीं बोलणें नाजूक असतें, हें आम्ही जाणतों. ज्यानें आपल्याला आपल्या मोटारींतून हिंडविलें त्याच्या मोटारीची निंदा करणें म्हणजे जेवून उठून यजमानाच्या स्वयंपाकाला नांवें ठेवणें होय. पण जें घडलें तें सांगितलेंच पाहिजे. काचेबाहेर फॅरनहाइटचे एकशें पंधरा अंश, काचेच्या आंत बहात्तर. बाहेर एक विराट, तांबूस, मौन प्रदेश. आंत जुन्या मराठी गाण्यांची माळ, चिवड्याचा डबा, आणि पुढें कोठें डावीकडे वळावयाचें तें सांगणारा यांत्रिक आवाज. वाळवंटाचे दोनच धर्म असे, कीं त्यांवांचून तें वाळवंट नव्हे: तेथील उष्मा आणि तेथील निःशब्दता. त्या दोहोंपासून आमचें इतकें चोख संरक्षण झालें होतें, कीं आम्ही पाहिलें तें वाळवंटाचें चित्र होतें, वाळवंट नव्हतें. तें चित्र पाहून "कांहीं नाहीं" असें कोणाच्याहि तोंडून निघालें तर नवल काय! बंद खोलींत बसून पक्वान्नांचीं चित्रें पाहणाऱ्यास अन्नाला वास नसतो असेंच वाटावयाचें.

एडवर्ड ॲबी या लेखकानें हें दुखणें फार पूर्वीं ओळखलें होतें. १९५६ व १९५७ सालीं तो आर्चेस येथें हंगामी रक्षक म्हणून राहिला. तेव्हां तें अद्याप राष्ट्रीय उद्यान व्हावयाचें होतें. त्या दिवसांवर त्यानें लिहिलेलें 'डेझर्ट सॉलिटेअर' हें पुस्तक १९६८ सालीं प्रसिद्ध झालें. राष्ट्रीय उद्यानांत खासगी मोटारींना मज्जाव करावा, लोकांनीं पायीं, घोड्यावर किंवा सायकलीवर आंत जावें, असा त्यांत त्याचा आग्रह आहे. हें आम्हीं मित्रास वाटेंत सांगितलें. तो गाडी हांकतां हांकतां शांतपणें म्हणाला, "माझी आई ब्याऐंशी वर्षांची असतांना मी तिला इथं आणली होती. तिला काय घोड्यावर बसवायचं होतं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ त्या दिवशीं उत्तर नव्हतें. दोन दिवसांनीं तें झायनमध्यें आपण होऊन समोर आलें. तेथील मुख्य दरींत मोटारींची इतकी गर्दी होऊं लागली, कीं २००० सालापासून हंगामांत खासगी गाड्या बंद करून उद्यानानें आपल्या बसगाड्या सुरू केल्या. त्या फुकट आहेत, ठिकठिकाणीं थांबतात, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांत चढतां-उतरतां येतें. परिणाम असा, कीं दोहों बाजूंस हजार-दोन हजार फूट उंच लाल भिंती, आणि मधून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीचा आवाज थांब्यावर उभें राहिलें असतां ऐकूं येतो. आमच्याजवळ एक जर्मन आजीबाई हातांत काठी घेऊन बसल्या होत्या, आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. मित्राच्या आईला येथें घोड्याची गरज पडली नसती. मित्रानें हें मान्य केलें; मात्र तक्त्याप्रमाणें आम्ही चाळीस मिनिटें मागें पडलों आहोंत हेंहि त्यानें त्याच श्वासांत सांगितलें.

आतां त्या 'कांहीं नाहीं'कडे वळूं. जोशुआ ट्री येथें पहिल्या संध्याकाळीं मित्र थकून निजला, आणि आम्ही एकटेच मुक्कामाच्या मागील बाजूस एका खडकावर जाऊन बसलों. साऱ्या प्रवासांत आमच्या हातून घडलेली हीच काय ती एक शहाणपणाची गोष्ट. दिवसा जेथें एक किडा दिसला नव्हता तेथें अंधार पडतांच खसखस सुरू झाली. शेपटीवर गोंडा असलेला एक इवलासा उंदीर टुणटुण उड्या मारीत पायाजवळून गेला. कांगारू-उंदीर म्हणतात तो हाच. हा प्राणी जन्मभर पाणी न पितां राहूं शकतो. कोरड्या बियांच्या पचनांतून जो ओलावा शरीरांत निर्माण होतो तेवढाच त्याला पुरतो. ज्या झाडावरून उद्यानाला नांव मिळालें तें जोशुआचें झाड एका लहानशा पतंगावर जगतें. मादी पतंग फुलांतील पराग गोळा करून दुसऱ्या फुलाच्या कुक्षींत स्वतः दाबून बसविते, आणि तेथेंच अंडीं घालते. तिचीं पिलें थोडें बीं खातात आणि उरलेल्या बियांतून झाड वाढतें. पतंग नाहीं तर झाड नाहीं, झाड नाहीं तर पतंग नाहीं. आणि ज्या खुरट्या, तेलकट पानांच्या झुडपाकडे आम्हीं दिवसभर ढुंकूनहि पाहिलें नव्हतें, त्या क्रिओसोटचें एक जुनें बेट याच मोहावी वाळवंटांत सुमारें साडेअकरा हजार वर्षांचें असावें असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मधला भाग मरत जातो, कडेनें नवे कोंब फुटत जातात, आणि झुडपाचें वर्तुळ होतें. आमचे वेद, मिसरचे पिरॅमिड, सर्व त्यापुढें कालचीं पोरें. 'कांहीं नाहीं' म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं दिवसा मोटारींतून त्या झुडपाजवळून ताशीं सत्तर मैलांनीं जातांना तें झुडूप असें दिसतच नाहीं.

आर्चेसमध्यें तर आम्हीं याहून वाईट केलें. छायाचित्र चांगलें यावें म्हणून पायवाट सोडून आम्ही चार पावलें आंत गेलों, तों आठ-नऊ वर्षांची एक परकी मुलगी मोठ्यानें ओरडली. खालीं पाहिलें तों काळसर, खडबडीत पापुद्र्यासारखी माती बुटाखालीं चुरली होती. ती माती जिवंत असते. सूक्ष्म शैवाल, बुरशी आणि दगडफूल यांनीं मिळून विणलेली असते, आणि तिच्यामुळेंच वाळू उडून जात नाहीं. एकदां तुडविली कीं भरून यावयास कित्येक वर्षें लागतात. त्या मुलीच्या शाळेंत तें शिकविलें असावें. आम्ही शहाण्यासारखे परत पायवाटेवर आलों. पण आमचीं चार पावलें तेथेंच आहेत.

यापुढें जें सांगावयाचें आहे तें सांगतांना अजूनहि हात किंचित् अडखळतो. डेथ व्हॅली. आमचे प्रवासी हिचें भाषांतर मोठ्या हौसेनें 'मृत्युदरी' असें करतात. या खोऱ्यांतील बॅडवॉटर ही जागा समुद्रसपाटीच्या २८२ फूट खालीं आहे. मागच्या कड्यावर उंच 'समुद्रसपाटी' अशी एक लहान पाटी लावलेली आहे, ती पाहतांना डोक्यावरून पाणी गेल्यासारखें वाटतें. वर्षाकाठीं पाऊस दोन इंचांच्या आसपास. १० जुलै १९१३ रोजीं फर्नेस क्रीक येथें १३४ अंश उष्णतामान नोंदलें गेलें, तें जगांतील आजवरचें अधिकृत उच्चांक मानलें जातें. १५ जुलै १९७२ रोजीं तेथील जमीन २०१ अंशांवर गेली होती. हे आंकडे आम्हांस जाण्यापूर्वींच पाठ होते; आणि खरें सांगावयाचें तर ते पाठ होते म्हणूनच आम्हांस तेथें भर दुपारीं जावयाचें होतें. मित्र नको म्हणत होता. "सकाळीं सहाला जाऊं," असें तो म्हणाला होता. हा आग्रह आमचा.

वाहनतळाशीं पाटी होती: उन्हाळ्यांत सकाळीं दहानंतर मिठाच्या मैदानावर चालूं नये. त्या पाटीचें आम्हीं छायाचित्र काढलें आणि पुढें गेलों. गाडीच्या तबकडीवर १२१ हा आंकडा होता. पहिलीं पांच मिनिटें एक प्रकारची धुंदी चढते. वारा अंगावर येतो तो भट्टीचें दार उघडल्यासारखा; घाम येतो पण दिसत नाहीं, कारण तो निघतां निघतां वाळून जातो; आणि म्हणून आपल्याला कांहींच होत नाहीं असें वाटतें. पाव मैल गेलों असूं. मोबाइल तापून आपोआप बंद पडला. मित्र बोलावयाचा थांबला. मागें वळून पाहिलें तों तो उभ्या जागीं झुलत होता, चेहरा पांढरा पडला होता, आणि आम्हीं हांक मारली तर त्याला ती कळेना. तो आमच्या नांवाऐवजीं त्याच्या धाकट्या भावाचें नांव घेऊं लागला. आणि तो भाऊ जाऊन बारा वर्षें झालीं आहेत.

पुढील वीस मिनिटांचें वर्णन आम्ही करीत नाहीं. छत्री घेतलेलें एक तरुण जोडपें तेथें होतें. त्यांनीं त्याला दोहों बगलांना धरून गाडीपर्यंत आणलें, मानेवर आणि कांखेंत ओले रुमाल ठेवले, घोट घोट पाणी पाजलें. तासाभरानें त्याला नीट ओळख आली. नंतर उद्यानाच्या कचेरींत एका रक्षक बाईंनीं आम्हांस जें ऐकविलें तें रागावून नव्हतें, त्यामुळेंच फार लागलें. याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत बॅडवॉटरच्या बाजूस मोटारसायकलवरून आलेला एक मनुष्य उष्म्यानें मरण पावला होता. त्या दिवशीं १२८ अंश होते. हेलिकॉप्टर बोलावण्याची सोय नव्हती, कारण १२० अंशांच्या वर हवा इतकी विरळ होते, कीं तें सुरक्षितपणें उडूं शकत नाहीं. आमच्या गाडीच्या तबकडीवर १२१ होते. एवढेंच त्या बाईंनीं सांगितलें, आणि दुसऱ्या लोकांकडे वळल्या. कचेरीबाहेर उष्णतामान दाखविणाऱ्या आंकड्यांच्या फलकापुढें छायाचित्र काढून घेण्यासाठीं रांग लागली होती. त्या रांगेंत एक गृहस्थ गंमत म्हणून लोंकरी कोट घालून उभे होते.

त्या लोंकरी कोटाला हंसण्याचा आम्हांस अधिकार उरला नव्हता. पण एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे असें वाटतें. नागपूर-चंद्रपूरच्या कोणत्याहि जाणत्या माणसाला विचारा, कीं मे महिन्यांत दुपारीं दोन वाजतां डोक्याला कांहीं न बांधतां माळावर हिंडणाऱ्यास तुम्ही काय म्हणाल? तो काय म्हणेल तें छापण्याजोगें नाहीं. वाळ्याचे पडदे, कैरीचें पन्हें, उपरण्याचा फेटा, दुपारीं लावलेलीं दारें, ही सारी आमच्याच वाडवडिलांची विद्या. ती आम्ही विमानांत बसतांना विमानतळावरच ठेवून जातों काय? कीं अमेरिकेचें ऊन हें ऊन नसून देखावा आहे असा आमचा समज असतो?

आणि ही विद्या त्या खोऱ्यांतहि होती. हेंच आमच्या रागाचें खरें मूळ आहे. ज्याला आपण मृत्युदरी म्हणतों तेथें टिंबिशा शोशोनी नांवाचे लोक फार पूर्वींपासून राहत आले आहेत. मृत्यूचें नांव तिला दिलें तें १८४९ च्या हिंवाळ्यांत सोन्याच्या शोधांत वाट चुकून तेथें अडकलेल्या परक्यांनीं. टिंबिशांना तें नांव कधींच रुचलेलें नाहीं. त्यांच्या दृष्टीनें तें घर आहे. मेस्किटच्या शेंगा दळून ते पीठ करीत. आणि उन्हाळा आला, कीं खोरें सोडून आजूबाजूच्या उंच डोंगरांत, थंड हवेंत जात, तेथें पाइनच्या बिया गोळा करीत, आणि थंडीबरोबर खालीं परतत. उन्हाळ्यांत त्या खोऱ्यांत राहूं नये ही गोष्ट त्यांना थर्मामीटरशिवाय कळलेली होती.

पुढें काय झालें तें पाहा. टांकणखाराच्या एका कंपनीनें १९२७ सालीं फर्नेस क्रीकच्या झऱ्यांजवळ श्रीमंत प्रवाशांसाठीं हॉटेल उघडलें. १९३३ सालीं तें खोरें राष्ट्रीय स्मारक झालें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं टिंबिशांना एका कोपऱ्यांत मातीचीं लहान घरें बांधून देण्यांत आलीं. पण १९५७ नंतर धोरण असें ठरलें, कीं जीं घरें रिकामीं सांपडतील तीं पाडून टाकावीं. आणि घरें रिकामीं केव्हां सांपडत? उन्हाळ्यांत; कारण तेव्हां माणसें आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणें डोंगरांत गेलेलीं असत. पाण्याच्या मोठ्या नळ्या आणून, जोराचा फवारा मारून, तीं मातीचीं घरें विरघळवून टाकलीं. ज्या मुलखांत वर्षाला दोन इंच पाऊस, तेथें घर पाडावयास पाणी वापरलें! उरलेल्या कांहीं कुटुंबांनीं तरीहि जागा सोडली नाहीं. १९८३ सालीं त्यांना जमात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. २००० सालच्या कायद्यानें साडेसात हजार एकरांहून कांहीं अधिक जमीन परत मिळाली, त्यांपैकीं फर्नेस क्रीक येथें सुमारें तीनशें एकर. त्यांची वस्ती हॉटेलापासून फार दूर नाहीं. समुद्रसपाटीच्या २१४ फूट खालीं असलेल्या गोल्फच्या हिरव्यागार मैदानाला मात्र पर्यटक न चुकतां भेट देतात.

'तें कांहीं नाहीं सुद्धां काय सुंदर ठेवलं आहे!' आतां हें वाक्य पुन्हां एकदां म्हणून पाहावें. 'कांहीं नाहीं' हें ठेवलेलें नाहीं. पुष्कळसें केलेलें आहे.

ग्रँड कॅन्यनची गोष्ट याच्याच जातीची आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १९१९ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें. दरीच्या आंत झऱ्याकांठीं हवासुपाई लोकांचीं शेतें होतीं. तेथून त्यांच्या शेवटच्या रहिवाशाला १९२८ सालीं निघावें लागलें. पठारावरची सुमारें एक लाख पंच्याऐंशी हजार एकर जमीन त्या जमातीला १९७५ च्या कायद्यानें परत मिळाली. आणि त्या झऱ्याकांठच्या जागेला त्यांचें नांव २०२२ मध्यें दिलें गेलें. आर्चेसहून तिकडे जातांना वाटेंत नवाहो लोकांचा मुलूख लागतो. तेथील अनेक घरांना अजून नळ नाहीं, पाणी पिंपांत भरून गाडीवर आणावें लागतें. १८६८ च्या तहानें राखून दिलेल्या या भूमीसाठीं पाणी मिळवून देण्यास सरकार बांधलेलें नाहीं, असा निकाल २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. त्या मुलखांतून जातांना आम्ही बाटलींतलें थंड पाणी पीत होतों.

वाचकांनीं असा समज करून घेऊं नये, कीं राष्ट्रीय उद्यानांची संस्थाच वाईट असें आमचें म्हणणें आहे. तसें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. डेथ व्हॅलींत खाणवाल्यांना १९३३ नंतरहि मोकळीक होती. ती आवळली १९७६ च्या कायद्यानें. उद्यानाचाच भाग असलेल्या डेव्हिल्स होल या एका खोल खडकांतील डबक्यांत इंचभर लांबीचा एक मासा राहतो, जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. शेजारच्या जमीनदारांनीं विहिरी उपसल्यामुळें पाणी खालीं जाऊं लागलें, तेव्हां त्याच १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या माशासाठीं उपशाला मर्यादा घातली. ज्या राष्ट्रांत मूठभर माशांसाठीं सर्वोच्च न्यायालय निकाल देतें तें राष्ट्र हिणविण्याजोगें खास नव्हे. फक्त माशाचें पाणी १९७६ सालीं मान्य झालें आणि त्याच उद्यानांतल्या माणसांची जमीन २००० सालीं, एवढा क्रम आम्हीं मित्राच्या नजरेस आणून दिला.

मित्र त्या वेळीं मागच्या आसनावर आडवा पडलेला होता, आणि गाडी प्रथमच आम्ही चालवीत होतों. तो म्हणाला, "तूं म्हणतोस तें सगळं खरं असेल. पण आपल्याकडे असतं ना, तर एवढंसुद्धां शिल्लक राहिलं नसतं. कुरकुऱ्यांच्या पिशव्या दिसल्या असत्या."

हें दुसरें वाक्य. हेंहि सर्वांच्या तोंडीं आहे, आणि पिशव्यांपुरतें तें खरेंहि आहे. पण आमच्याकडे काय झालें तें नीट पाहिलें, तर तेथेंहि तोच शब्द गुन्हेगार निघतो. सोलापूर-नगरकडचे जे माळ आहेत त्यांना आपण पिढ्यान् पिढ्या 'पडीक' म्हणत आलों. पडीक म्हणजे जेथें कांहीं नाहीं. गवत हें कांहीं नव्हे, गवतांतला माळढोक हें कांहीं नव्हे, आणि मेंढरें घेऊन ऋतूप्रमाणें घाटाखालीं-घाटावर फिरणारा धनगर तर मुळींच कांहीं नव्हे. १९७९ सालीं त्या पक्ष्यासाठीं तेथें अभयारण्य केलें. आज माळढोक महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. टिंबिशा उन्हाळ्यांत डोंगरांत जात म्हणून त्यांचें घर रिकामें समजलें. धनगर पावसाळ्यानंतर कोंकणांत जातो म्हणून त्याचा माळ रिकामा समजतात. आमचे प्रवासी सोलापूरच्या माळावरून आगगाडीनें जातांना खिडकीचा पडदा ओढून घेतात, आणि तसलाच माळ पाहण्यासाठीं आठ हजार मैल जाऊन नऊ दिवसांत दोन हजार मैल मोटार हांकतात. याला सौंदर्यदृष्टि म्हणावयाचें असेल तर म्हणावें.

मित्राचा शेवटचा मुद्दा मात्र वजनदार होता, आणि तो येथें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो म्हणाला, "वर्षांतून पंधरा दिवसांची रजा. मुलांची शाळा सुटते उन्हाळ्यांत. आईबाप येतात उन्हाळ्यांत, कारण थंडी त्यांना सोसत नाहीं. मग आम्हीं जायचं कधीं? तूं लेख लिहिशील, मी रजेचा अर्ज लिहितों." रजेच्या गुलामीचें हें दुःख पुण्या-मुंबईंतल्या नोकरदारांना निराळें सांगावयास नको. पण त्या देशांत नाताळच्या सुमारासहि शाळांना दोन आठवडे सुटी असते. त्या दिवसांत डेथ व्हॅलींतील दुपार आमच्या पुण्याच्या हिंवाळ्यासारखी असते; म्हाताऱ्या माणसाला एक स्वेटर पुरे. टिंबिशांचा खोऱ्यांत उतरण्याचा काळहि तोच. तेव्हां बॅडवॉटरच्या मिठावर मैलभर चालावें, बसावें, परत यावें, यांत कोणाच्या जिवाला कांहीं होत नाहीं. पांच उद्यानांऐवजीं एकच घ्यावें, आणि तेथें चार रात्री काढाव्या. छायाचित्रें चाळीस निघतील, शेजारीहि सुटतील.

हें सर्व आम्हीं मित्राला परत आल्यावर सविस्तर पत्रानें कळविलें. त्याची प्रकृति आतां ठीक आहे. त्या दुपारचें त्याला फारसें आठवत नाहीं, आणि आम्हीं घरांत त्याबद्दल बोललेलें वहिनींना आवडत नाहीं, तें योग्यच आहे. गेल्या महिन्यांत त्याचें उत्तर आलें. डिसेंबरची कल्पना त्याला पटली आहे. रजा मंजूर झाली आहे, येण्याबद्दल आग्रहाचें आमंत्रण आहे, आणि सोबत नवा तक्ता आहे. त्यांत दहा दिवस आणि सात उद्यानें आहेत. आम्हीं त्यांतलीं सहा तांबड्या शाईनें खोडून, फर्नेस क्रीकपुढचीं मिनिटें पुसून, तो कागद परत पाठविला आहे. अद्याप उत्तर नाहीं.